नऊ नंबरच्या बसची मुलं

व्हर्लीन स्टॉलवर्थला समितीवर घेतलं, ते ती फार शिकलेली होती म्हणून नव्हे. लोअर बेंड वस्तीतून कुणीतरी एक जण हवाच होता, आणि ज्यांचं नाव ठरलं होतं त्या पाद्रीसाहेबांचं नेमकं हृदयाचं ऑपरेशन निघालं. चर्चच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी व्हर्लीनकडे. टॅलाबीना गावातल्या निम्म्या काळ्या बायका पंधरा दिवसांनी एकदा तिच्या ब्युटी पार्लरच्या खुर्चीत बसत, आणि चर्चमध्ये जे बोलत नसत ते तिथे बोलत.

"मी तिथे जाऊन काय करू?" व्हर्लीन म्हणाली. "सगळे मोठे धंदेवाले. त्यांच्यात मी केस विंचरणारी."

"तुझाही धंदाच आहे," त्यांच्यातल्या मिस ओरालीने सुनावलं. "तोंड आहे ना तुला? मग जा."

ही १९९४ च्या जानेवारीतली गोष्ट. गावातल्या प्लायवूड मिलचे मालक डॅब्नी क्रेनशॉ दोन वर्षांपासून तक्रार करत होते, की मशीनवरची सूचना धड वाचता येईल अशी पोरं मिळत नाहीत. शाळा म्हणायची घरी लक्ष नाही, घर म्हणायचं शाळेत लक्ष नाही. शेवटी राजधानीतल्या एका संस्थेने सुचवलं, की गावातल्याच बारा जणांनी सहा महिने स्वतः शोध घ्यावा. बँकवाला, औषधवाला, अंत्यविधी करणारा, बांधकामवाला, असे बारा. अध्यक्ष अर्थातच क्रेनशॉ. शिकवायला संस्थेच्या हॅलोरनबाई महिन्यातून दोनदा येत. त्यांचं एकच पालुपद होतं: "उत्तर घरून घेऊन येऊ नका. आधी मोजा, मग बोला."

व्हर्लीनची जोडी लागली रॉइस मॅब्रीशी. मॅब्रीचं बियाणं आणि पशुखाद्याचं दुकान होतं. पन्नाशी उलटलेला, लालबुंद मानेचा, कमी बोलणारा गोरा माणूस. वीस वर्षं एकाच गावात राहून दोघांनी एकमेकांना 'गुड मॉर्निंग'पलीकडे काही म्हटलेलं नव्हतं. त्यांच्याकडे काम आलं ते प्राथमिक शाळेचं. पहिलीच्या शेवटी एप्रिलमध्ये वाचनाची एक परीक्षा व्हायची आणि तिच्यावरून दुसरीत मुलांचे दोन गट पडायचे. एकदा मूल 'सावकाश' गटात गेलं, की ते बाहेर आलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. असं का, ते पाहायचं.

"पाहायचं काय त्यात?" पहिल्याच दिवशी मॅब्री म्हणाला. "घरात एक पुस्तक नसतं. आईबाप लक्ष देत नाहीत. पोरं आळशी."

व्हर्लीनने वही उघडली. तिला राग आला तो मॅब्रीचा नव्हता. तिचा मुलगा टेरेल त्याच गटात दहा वर्षं रखडला होता, अकरावीत शाळा सोडून मिलमध्ये फळ्या रचायला लागला होता, आणि हेच शब्द तिने स्वतः त्याला स्वयंपाकघरात उभं करून शेकडो वेळा ऐकवले होते.

शाळेच्या कचेरीत मिस अर्नेस्टीन जुनी नोंदपत्रं सांभाळायची. समितीला ती दाखवायची परवानगी होती, पण नावं झाकून. म्हणून तिने प्रत्येक पत्रावर नावाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवली होती. 'सावकाश' गटाची सोळा-सतरा वर्षांची पत्रं तिने टेबलावर आणून ठेवली. मॅब्री वाचून दाखवायचा, व्हर्लीन लिहून घ्यायची. परीक्षेचे भाग तीन, प्रत्येकाला वीस गुण.

"चार, सहा, पाच. सात, तीन, चार." मॅब्रीचा आवाज कंटाळलेला होता. "शून्य, शून्य, सतरा."

"काय?"

"शून्य, शून्य, सतरा. चूक असेल." त्याने पुढचं पत्र उचललं. "सहा, पाच, सात. शून्य, शून्य, एकोणीस." तो थांबला. त्याने चष्मा पुसला आणि आणखी दहा-बारा पत्रं चाळली. "हे बघा, बाई."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी अशी एकशे बारा पत्रं वेगळी काढली. पहिले दोन भाग कोरे, तिसरा भाग बहुतेकांचा बरा, काहींचा तर 'हुशार' गटातल्या मुलांपेक्षा सरस. मॅब्रीने मिस अर्नेस्टीनला हाक मारली. तिने टेबलावरचा तो गठ्ठा पाहिला आणि ती खुर्चीवर बसलीच.

"ही नऊ नंबरच्या बसची मुलं," ती हळूच म्हणाली. "लोअर बेंडची. ती बस उशिरा येते. परीक्षा आठला सुरू होते. सुरू झाली की थांबवायची नाही आणि मागचं पान उलटू द्यायचं नाही, असा नियम आहे. ही पोरं येतात तेव्हा तिसरा भाग चालू असतो."

"सतरा वर्षं?" मॅब्री म्हणाला. "आणि कुणी बोललं नाही?"

"मला वाटलं कुणाला तरी माहीत असेल." तिचे डोळे भरून आले. "मी नुसती कागद लावणारी हो."

व्हर्लीन ऐकत नव्हती. तिच्यासमोरच्या पत्रावर पट्टीखाली नाव झाकलेलं होतं, पण जन्मतारीख उघडी होती. ११ नोव्हेंबर १९७१. लोअर बेंड रस्ता. त्या तारखेला त्या रस्त्यावर एकच मूल जन्मलं होतं, आणि दाई यायच्या आत जन्मलं होतं. शून्य, शून्य, अठरा.

ती उठली, बाहेर जाऊन मुलांच्या बुटक्या नळावर वाकली आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

*

"नुसती शून्यं दाखवून भागणार नाही," मॅब्री दुसऱ्या दिवशी म्हणाला. "बस का उशिरा येते, ते पाहायला हवं."

खरं तर व्हर्लीनला ते पाहायची गरज नव्हती. लोअर बेंडचं प्रत्येक माणूस ते रोज पाहत होतं. गावात यायला नदीवरचा पूल एकच, तोही एकेरी. पूल संपला की लगेच क्रेनशॉ मिलचं फाटक आणि फाटकात वजनकाटा. तो सव्वासातला उघडायचा. पलीकडच्या रानातून ओंडके भरून आलेले ट्रक काटा उघडायची वाट पाहत पुलावर रांग लावायचे. हिवाळ्यातला चिखल वाळला की तोडीला जोर यायचा आणि एप्रिलमध्ये रांग सगळ्यात लांब असायची. नऊ नंबरची बस त्या रांगेच्या शेपटाला. इतकं रोजचं, की त्याचा कुणी विचारच केला नव्हता.

आणि त्या रांगेतला एक ट्रक व्हर्लीनचा नवरा ऑल्टन चालवायचा.

तरीही त्यांनी मोजलं. आठ सकाळी मॅब्रीची जुनी पिकअप पुलाच्या अलीकडे झाडाखाली उभी राहिली. घड्याळ त्याचं, वही तिची. बस किती वाजता रांगेत आली, पुढे किती ट्रक, पूल किती वाजता ओलांडला. बसच्या खिडक्यांतून पोरं जीभ काढून दाखवायची. एक दिवस बस चाळीस मिनिटं अडकली, एक दिवस त्रेपन्न. पंचविसाच्या आत एकदाही सुटली नाही.

चौथ्या दिवशी मिलचा मुकादम येऊन खिडकीच्या काचेवर टकटक करून गेला.

"काय लिहिताय, मिस्टर मॅब्री?"

"वेळ."

"कशाची?"

"जाते कशी त्याची," मॅब्री म्हणाला. मुकादम हसला नाही. त्याने व्हर्लीनकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि मग रांगेतल्या सातव्या ट्रककडे. सातव्या ट्रकमध्ये ऑल्टन होता. तो समोर बघत राहिला, जणू पिकअपमधल्या बाईला त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने ताट पुढे ढकललं. तळलेला मासा तसाच राहिला.

"मुकादमाने मला आज काय विचारलं माहीत आहे? 'तुझी बायको आता आमच्यावर पहारा ठेवते का रे?' सगळ्यांसमोर."

"मी पहारा ठेवत नाही. बस मोजते."

"बस मोज, नाहीतर आकाशातले कावळे मोज! उद्या माझ्या ट्रकची किल्ली काढून घेतली तर कोण येणार आहे? तुझी समिती?" त्याने आवाज खाली आणला. "व्हर्लीन, मी सव्वीस वर्षं तिथे मान खाली घालून काढलीत. चार राहिलीत. तेवढी काढू दे मला."

"तो ट्रक तूच चालवत होतास, ऑल्टन."

"कधी?"

"टेरेल पहिलीत होता तेव्हा. पुढे तुझा ट्रक, मागे त्याची बस."

ऑल्टनच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तो काही बोलणार तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं आणि टेरेल बाहेर आला. बावीस वर्षांचा उंच गडी, केसांत अजून लाकडाचा भुसा. त्याने सगळं ऐकलं होतं.

"माझ्या बसचं काय?" तो म्हणाला.

व्हर्लीनने ठरवलं होतं की नीट वेळ पाहून, जवळ बसवून सांगायचं. ते राहिलंच. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं: परीक्षा, तीन भाग, झाकलेली नावं, अकरा नोव्हेंबर.

"पहिल्या दोन भागांत तुला शून्य होतं. कारण तू तिथे नव्हतासच. तिसऱ्यात वीसपैकी अठरा."

टेरेल टॉवेल हातात घेऊन उभाच राहिला. "मला आठवतंय ते," तो म्हणाला. "बाई म्हणाल्या, खाली बस आणि पेन्सिल घे. सगळे पान उलटत होते. मीपण उलटलं."

"मग घरी येऊन सांगितलं का नाहीस, बाळा?"

"मी सहा वर्षांचा होतो, मम्मा."

ऑल्टन टेबलाच्या कडेवर अंगठा घासत होता.

"तू मला आळशी म्हणायचीस," टेरेल म्हणाला.

"हो."

"रोज म्हणायचीस."

"हो," व्हर्लीन म्हणाली. "म्हणायचे." वाटलंच नव्हतं रे, समजलंच नव्हतं, असं काहीबाही तिच्या ओठांवर आलं, पण ते तिने गिळलं. "माझं चुकलं, टेरेल."

तो मागच्या पायरीवर जाऊन बसला. ती त्याच्यामागे गेली नाही. तिला वाटलं, आपण गेलो तर आपल्याचसाठी जाऊ, त्याच्यासाठी नाही.

*

एप्रिलच्या शेवटी व्हर्लीन आणि मॅब्रीने अहवालासाठी लिहिलेलं आपलं पान समितीपुढे ठेवलं. वाचन झालं तेव्हा क्रेनशॉंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "आठही दिवस?" मॅब्री म्हणाला, "आठही." बैठक पुढे ढकलली गेली.

दोन दिवसांनी, दुपारी पार्लर रिकामं असताना, डॅब्नी क्रेनशॉ स्वतः दार ढकलून आत आले. त्या पार्लरमध्ये गोरा पुरुष याआधी फक्त वीजमीटर वाचायला आला होता. टोपी हातात घेऊन ते ड्रायरखालच्या खुर्चीत बसले.

"मिस व्हर्लीन, देवाशपथ सांगतो, मला माहीत नव्हतं."

"मला वाटलंच तसं."

"काटा मी सहाला उघडतो. सोमवारपासून. सव्वासातला पूल मोकळा मिळेल. शिक्षणप्रमुखांशीही बोललोय. परीक्षा दहाला घेतील. झालं ना काम?"

व्हर्लीनचा जीव क्षणभर हलका झाला. "झालं म्हणजे... हो. देव तुमचं भलं करो."

"फक्त ते पान अहवालातून काढायचं."

पंख्याच्या घरघरीत तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने बटण बंद केलं.

"माझा वकील म्हणतो, पान छापलं तर सतरा वर्षांतले सगळे आईबाप कोर्टात उभे राहतील. मिल बंद पडली तर कोण जेवणार? तुमचा नवरा? मुलगा?" ते धमकावत नव्हते. त्यांचा आवाज थकलेला होता, आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. "तुम्हाला पोरांचं भलं हवंय. ते मी करतोय. मिलचं नाव कशाला?"

"आणि जी पोरं आत्ता त्या गटात बसली आहेत त्यांचं?"

क्रेनशॉंनी टोपीची कड फिरवली. "सगळ्यांचं सगळं काही होत नसतं."

"मला विचार करू द्या," ती म्हणाली.

तिने मॅब्रीला दुकानात गाठलं. तो पोत्यांवर बसून ऐकत राहिला. "मी तुमच्या जागी असतो तर घेतलं असतं," तो म्हणाला. "माझ्याकडूनही निम्मं सामान मिललाच जातं, बाई. मी काही शूर माणूस नाही."

व्हर्लीनने पान मागे घेतलं नाही, म्हणून समितीने मत घेतलं. पान काढावं, सात, ठेवावं, चार. क्रेनशॉंनी स्वतः मत दिलं नाही. ठेवावं म्हणणाऱ्या चौघांत मॅब्रीचा हात होता, अर्धवट वर केलेला.

आता उरली अहवाल गावापुढे वाचायची जाहीर सभा. त्या आठवड्यात व्हर्लीनच्या हातून एका बाईचे केस करपले. आणि शुक्रवारी टेरेल पार्लरच्या दारात येऊन उभा राहिला.

"ते पान वाच," तो म्हणाला.

"नावं गुप्त ठेवायचा शब्द दिलाय मी."

"माझं मी देतो तुला. माझं नाव घालून वाच. मला कुठे कोर्टात जायचंय? मला फक्त..." तो अडखळला. "माझ्याबरोबर तिथे बसलेल्यांना कळू दे, मम्मा. ड्वेनला कळू दे. त्याला अजून वाटतं तो मठ्ठ आहे."

सभा हायस्कूलच्या व्यायामशाळेत, मंगळवारी संध्याकाळी सहाला. तीनशे खुर्च्या भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. क्रेनशॉंनी अहवाल वाचला: वाचनालयाचे तास वाढवावेत, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावं, व्यापाऱ्यांनी शाळेत वेळ द्यावा. सगळं बरोबर, सगळं चांगलं. टाळ्या झाल्या. "कुणाला काही विचारायचं आहे?"

व्हर्लीन उभी राहिली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"विचारायचं नाही. एक पान राहिलंय, ते वाचायचंय."

"ते पान समितीने मंजूर केलेलं नाही," व्यासपीठावरून शिक्षणप्रमुख घाईने म्हणाले. "मॅडम, कृपया खाली बसा."

"समितीचं म्हणून नाही वाचत. माझं म्हणून वाचते."

"मॅडम, मला सुरक्षारक्षकाला बोलवावं लागेल."

"बोलवा." दुसऱ्या बाजूने आवाज आला. रॉइस मॅब्री उभा होता, मान नेहमीपेक्षा लाल. "आणि मलाही न्यायला सांगा. वेळ मी मोजली आहे. घड्याळ माझं होतं."

सगळ्यांचे डोळे क्रेनशॉंवर. त्यांनी शिक्षणप्रमुखांकडे पाहिलं नाही, व्हर्लीनकडेही नाही. समोरच्या कागदांकडे पाहत ते म्हणाले, "वाचू द्या."

तिने वाचलं. पूल, काटा, रांग, आठ सकाळी, एकशे बारा पत्रं. शेवटी ती म्हणाली, "यातलं एकच नाव मी सांगू शकते, कारण त्याने मला परवानगी दिली आहे. टेरेल स्टॉलवर्थ. शून्य, शून्य, अठरा. माझा मुलगा आहे. मी त्याला दहा वर्षं आळशी म्हटलं."

मग मागच्या रांगेतून एका बाईने विचारलं, "कुठल्या वर्षापासून?"

"सत्त्याहत्तरपासून."

"अरे देवा," ती बाई म्हणाली, आणि मग एकदम सगळीकडून खुर्च्या सरकल्या. कुणी वर्षं मोजत होतं, कुणी ओरडत होतं, कुणी नुसतं आपल्या शेजारी बसलेल्या मोठ्या झालेल्या मुलाच्या तोंडाकडे पाहत होतं. दारापाशी ऑल्टन उभा होता. तो येणार नाही म्हणाला होता. त्याने डोक्यावरची मिलची टोपी काढून कोटाच्या खिशात कोंबली आणि गर्दीतून वाट काढत तो टेरेलजवळ जाऊन उभा राहिला.

*

कोर्टात कुणी गेलं नाही. दोन वकील शहरातून आले, वस्तीत फिरले आणि परत गेले. काटा सहाला उघडू लागला. क्रेनशॉंनी ते जाहीर केलं नाही, आणि व्हर्लीन रस्त्यात दिसली तर ते टोपीला हात लावायचे, पण थांबायचे नाहीत. ऑल्टनचा ट्रक गेला. शेवटची चार वर्षं त्याने मिलच्या आवारात ओंडक्यांच्या साली झाडत काढली. मॅब्रीकडून मिलने सामान घेणं बंद केलं आणि त्याने दुकानातला एक माणूस कमी केला. "मी म्हटलं होतं ना, शूर नाही म्हणून," तो व्हर्लीनला म्हणाला. "आता रोज सकाळी पश्चात्ताप होतो. दुपारपर्यंत जातो."

त्याच वर्षी जूनमध्ये प्राथमिक शाळेतल्या 'सावकाश' गटातल्या, नऊ नंबरच्या बसने येणाऱ्या चौतीस मुलांची परीक्षा पुन्हा झाली, सकाळी दहाला. एकवीस मुलं गटातून बाहेर आली. टेरेल चर्चच्या तळघरात मोठ्यांच्या वर्गाला जाऊ लागला. दोनदा सोडला, तिसऱ्यांदा पुन्हा गेला. ड्वेन एकदाही आला नाही.

ऑगस्टमध्ये इनेझ नावाची बाई केस धुवायला आली. तिची मुलगी आठवीत होती.

"लहानांचं तुम्ही केलंत," खुर्चीत मागे रेलत ती म्हणाली. "माझीचं काय? तिला आता कुणी परत परीक्षा देऊ देत नाही. म्हणतात, उशीर झाला."

व्हर्लीनने पाण्याचा नळ बंद केला.

"तिच्या वर्गात अशी किती आहेत?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग ते आधी बघू," व्हर्लीन म्हणाली, आणि हात पुसून तिने मॅब्रीच्या दुकानाचा नंबर फिरवला.